घरचे आगळ आणि स्वतःच्या संकेतस्थळावरचे दुकान: मार्गदर्शन हवे आहे

रातांबा | १९ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार. कुडाळ तालुक्यातील आमच्या घरी आई आणि वहिनी मिळून कोकमाचे आगळ (मीठ घातलेला रस), आमसुले, कुळथाचे पीठ, मालवणी मसाला आणि मे महिन्यात फणसपोळी तयार करतात. गेली तीन वर्षे ही विक्री व्हॉट्सॲपवर चालू आहे. ग्राहक निरोप पाठवतात, मी किंमत आणि टपालखर्च कळवतो, ते यूपीआयने पैसे भरून त्याचा स्क्रीनशॉट पाठवतात आणि वहिनी सर्व वहीत उतरवतात. त्यांची पद्धत साधी आहे. डावीकडे नाव आणि माल, उजवीकडे पत्ता. पैसे आले की नावापुढे बरोबरची खूण, पार्सल गेले की पत्त्यापुढे दुसरी खूण. ज्या ओळीवर एकच खूण आहे, ते त्या दिवसाचे काम.

महिन्याला दहा-बारा मागण्या होत्या तोवर हे छान चालले. आता त्या साठ-सत्तरपर्यंत गेल्या असून एप्रिल-मेमध्ये आणखी वाढतात. मार्गशीर्षात एका गृहस्थांनी १,८४० रुपये भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, वहिनींनी पहिली खूण केली, पार्सल गेले आणि चार दिवसांनी पासबुक पाहिले तेव्हा पैसे आलेच नसल्याचे कळले. स्क्रीनशॉट बनावट होता. तेव्हापासून घरात एकच चर्चा आहे की आपले संकेतस्थळ असावे, त्यावर दुकान असावे आणि पैसे आले की नाही हे माणसाने नव्हे, यंत्रणेने सांगावे.

माझे प्रश्न असे आहेत. दुकानासाठी कोणती प्रणाली घ्यावी? जीएसटी नोंदणी आवश्यक आहे का? आमची वार्षिक उलाढाल आठ लाखांच्या आतच आहे. टपालखर्च संकेतस्थळाने आपोआप कसा सांगावा? आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजारस्थळावर विक्रेता म्हणून नाव नोंदवणे बरे का? एका ओळखीच्या गृहस्थांनी सर्व करून देण्याचे पंचेचाळीस हजार सांगितले आहेत. अन्नपदार्थांची एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आम्ही २०२२ मध्ये केली आहे. बारा लाखांच्या आतील उलाढालीमुळे तेव्हा वर्षाला शंभर रुपये शुल्क पडले होते.

हिशेबनीस | २० जानेवारी, सकाळी ७.५५

तुमच्या प्रश्नांपैकी जीएसटीचा प्रश्न मी आधी घेतो, कारण संकेतस्थळ कसे दिसावे हे केव्हाही बदलता येते, मात्र नोंदणीशिवाय परराज्यात गेलेला माल मागे आणता येत नाही.

वस्तूंच्या विक्रीसाठी चाळीस लाखांची मर्यादा आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि तेवढ्यावरच ते थांबतात. ही मर्यादा राज्यांतर्गत विक्रीपुरती आहे. करपात्र वस्तू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायची असेल, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २४ नुसार उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची आहे. तुमच्या बाबतीत याचा अर्थ मोठा मजेशीर होतो. कुडाळहून नागपूरला गेलेला मसाला हा राज्यांतर्गत व्यवहार आहे आणि कुडाळहून पहाटे निघून न्याहारीच्या वेळेस म्हापशाला पोहोचणारा मसाला हा आंतरराज्य व्यवहार आहे. सिंधुदुर्गात बसून गोव्याचे ग्राहक टाळणे कुणालाही परवडणार नाही, त्यामुळे नोंदणी कराच असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

जीएसटीच्या कंपोझिशन योजनेचा (लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या पद्धतीचा) मोह होईल, कारण तीत कागदपत्रे कमी असतात. परंतु त्या योजनेतील व्यापाऱ्याला वस्तूंची आंतरराज्य विक्री करता येत नाही, म्हणजे म्हापसा पुन्हा बंद. नियमित नोंदणी घेऊन तिमाही विवरणपत्राची सोय घ्यावी. पाच कोटींच्या आतील उलाढालीला ती उपलब्ध आहे.

केवळ करमुक्त माल, उदाहरणार्थ फक्त ताजे आंबे किंवा ताजे रातांबे, विकणाऱ्यास नोंदणीची गरज नसते. तुमच्या यादीत मसाला आहे आणि मसाल्यावर पाच टक्के कर आहे, म्हणून ती सूट तुम्हाला लागू नाही. प्रत्येक वस्तूचा एचएसएन क्रमांक (कराच्या वर्गीकरणाचा क्रमांक) सल्लागाराकडून लेखी घ्या. आगळ, आमसूल आणि साखर घातलेले सरबत ही तिन्ही कोकमाचीच असली तरी ती एकाच वर्गात बसवण्याची घाई करू नका.

बाजारस्थळाविषयी थोडक्यात सांगतो. तिथे विक्री केल्यास बाजारस्थळाचा चालक तुमच्या रकमेतून जीएसटीपोटी ०.५ टक्के टीसीएस कापतो आणि आयकरापोटी ०.१ टक्के टीडीएसही कापला जाऊ शकतो. हे पैसे बुडत नाहीत, परंतु हिशेबात वळते करून घ्यावे लागतात. स्वतःच्या संकेतस्थळावर स्वतःचाच माल विकताना यांपैकी काही नसते. खरा फरक कमिशनचा आहे आणि तो वस्तूगणिक वेगळा असल्याने त्यावर मी सरसकट बोलणार नाही.

सागरगोटा | २० जानेवारी, दुपारी १.१५

मी दहा वर्षे हेच काम करतो, म्हणून पंचेचाळीस हजारांवर मत देणे मला अवघड आहे. त्या रकमेत काय काय येते हे लेखी मागा, एवढेच म्हणेन. साठ-सत्तर मागण्यांचे दुकान घरचा माणूस शांतपणे बसून दोन आठवड्यांत उभे करू शकतो.

प्रणालीबाबत तुमच्यापुढे मुख्यतः दोन वाटा आहेत. शॉपिफाय ही कॅनडातील कंपनीची सेवा आहे. ती म्हणजे भाड्याचा गाळा. दरमहा भाडे द्या, दिवाबत्ती आणि कुलपाची चिंता त्यांची. मात्र आपल्याकडे पैसे स्वीकारण्यासाठी तिला बाहेरचा गेटवे (ग्राहकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात पोहोचवणारी सेवा) जोडावा लागतो आणि प्रत्येक व्यवहारावर गेटवेच्या शुल्काखेरीज त्यांचाही वेगळा अंश जातो. दुसरी वाट म्हणजे संकेतस्थळ उभारण्याची वर्डप्रेस ही प्रणाली आणि त्यावर दुकानासाठी वूकॉमर्स. वूकॉमर्स हे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा पूरक भाग) २०११ मध्ये आले, २०१५ पासून ते ऑटोमॅटिक या कंपनीकडे आहे आणि ते विनामूल्य आहे. इथे खर्च होस्टिंगचा (संकेतस्थळ ठेवण्याच्या जागेचा) आणि डोमेनचा (संकेतस्थळाच्या पत्त्याचा), पण राखणही तुमचीच. अद्ययावत करणे, बॅकअप घेणे आणि एखादे प्लगइन दुसऱ्याशी भांडले तर रात्री बसून ते सोडवणे, हे सर्व त्यात आले. तुम्ही मजकूर फारच नेमका लिहिता, त्यावरून तुम्हाला दुसरी वाट झेपेल असे वाटते.

कोणतीही वाट घ्या, पण डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या कार्डाने घ्या. माझ्या एका नातेवाइकांच्या फराळाच्या दुकानाचे डोमेन संकेतस्थळ करून देणाऱ्याने स्वतःच्या खात्यात घेतले होते. त्या माणसाने पुढे व्यवसाय बदलला, नूतनीकरणाच्या सूचना कुणी न उघडणाऱ्या पेटीत पडत राहिल्या आणि नेमके नवरात्र संपता संपता डोमेन बंद पडले. विलंबशुल्क भरून ते परत मिळाले खरे, पण त्यात अकरा दिवस गेले आणि फराळाच्या मागण्या येतात त्याच अकरा दिवसांत.

तुमच्या वहिनींची वही मला फार आवडली. वूकॉमर्समध्ये तीच वही आहे. ग्राहकाने मागणी नोंदवली पण पैसे यायचे आहेत, तोवर तिची स्थिती ‘पेंडिंग पेमेंट’ असते. पैसे आले की ‘प्रोसेसिंग’, ही वहिनींची पहिली खूण. पार्सल गेल्यावर तुम्ही ती ‘कम्प्लीटेड’ करता, ही दुसरी. दुकानाची थीम, रंग, फिरती चित्रे यांवर लोक महिना घालवतात. माझ्या मते या दोन खुणा केव्हा, कुणी आणि कशाच्या आधारे करायच्या हे ठरले म्हणजे दुकान ठरले.

रातांबा | २० जानेवारी, रात्री १०.०५

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वहिनींना वहीचा भाग वाचून दाखवला, त्यांना फार गंमत वाटली. मग पहिली खूण यंत्रणा नेमकी कशावरून करते? ग्राहक पैसे भरून आपल्या संकेतस्थळावर परत आला, यावरून का?

मुळशीकर | २१ जानेवारी, सकाळी ११.३०

प्रश्न अगदी मर्मावर आहे. परत येण्यावरून खूण करणारी यंत्रणा लंगडी समजावी. ग्राहक फोनवर यूपीआयचे ॲप उघडतो, पिन टाकतो, पैसे गेल्याचा आवाज येतो आणि तो तिथेच फोन खिशात ठेवतो. तुमच्या संकेतस्थळाची खिडकी मागे तशीच उघडी राहते. म्हणून गेटवे आपल्या सर्व्हरकडून तुमच्या सर्व्हरला थेट निरोप पाठवतो की अमुक मागणीचे पैसे आले. याला वेबहुक म्हणतात. तो निरोप गुप्त किल्लीने सही केलेला असतो, त्यामुळे बनावट स्क्रीनशॉटसारखा प्रकार इथे चालत नाही. गेटवेच्या डॅशबोर्डमध्ये तुमचा वेबहुकचा पत्ता आणि ती किल्ली नोंदवणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि नेमके तेच राहून जाते.

गेटवे म्हणून रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीॲव्हेन्यू अशी बरीच नावे आहेत. सर्वसाधारण दर व्यवहाराच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी लागतो. हजार रुपयांच्या मागणीवर वीस रुपये शुल्क आणि तीन रुपये साठ पैसे कर धरल्यास तुमच्या खात्यात ९७६ रुपये ४० पैसे येतात, तेही साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी. यूपीआयवर एमडीआर (व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे व्यवहारशुल्क) शून्य आहे ना, असे पुष्कळ जण विचारतात. जानेवारी २०२० पासून तो शून्य आहे हे बरोबर, परंतु गेटवे आपल्या सेवेचे शुल्क वेगळे आकारू शकतो, तेव्हा करारातील यूपीआयची ओळ नीट वाचा. पैसे परत केल्यास मूळ शुल्क बहुधा परत मिळत नाही, हेही किंमत ठरवताना लक्षात असू द्या.

खाते मंजूर होण्यापूर्वी ते तुमचे संकेतस्थळ उघडून पाहतात. संपर्काचा पत्ता, गोपनीयता धोरण, अटी, रद्द करण्याचे आणि परताव्याचे नियम आणि माल पोहोचवण्याची मुदत ही पाने हवीतच. माझा अर्ज एकदा केवळ परताव्याचे पान रिकामे असल्याने परत आला होता. ही पाने दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून उचलू नका; त्यात दुसऱ्याचेच नाव राहून गेलेले मी तीन ठिकाणी पाहिले आहे. कार्डाचे क्रमांक स्वतःकडे साठवण्याचा विचारही करू नये, रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ते मनाई केलेले आहे.

टपालपेटी | २१ जानेवारी, सायंकाळी ६.२०

टपाल खात्यात चौतीस वर्षे काढली, आता निवृत्त आहे आणि मुलीच्या लाकडी खेळण्यांच्या दुकानाची पार्सले बांधतो. टपालखर्चावर कुणी लिहीत नाही असे पाहून लिहितो, कारण नफा तिथेच गळतो.

खाजगी कुरिअर प्रत्यक्ष वजन पाहतात आणि त्याबरोबर आकारमानाचे वजनही पाहतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि सामान्यतः ५,००० ने भागायचे. दोन्हींपैकी जे अधिक, त्यावर पैसे. समजा, आगळाच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या आणि अर्धा किलो पीठ, खोक्यासह सर्व मिळून १.९ किलो आहे. तुम्ही घरात पडलेले ३० बाय २२ बाय २० चे खोके घेतले, तर आकारमानाचे वजन २.६४ किलो झाले आणि अर्ध्या किलोच्या टप्प्याने तीन किलोचे पैसे पडले. तोच माल २६ बाय २० बाय १६ च्या खोक्यात बाटल्या आडव्या ठेवून बसवला, तर आकारमान १.६६ किलो निघते आणि दोन किलोतच भागते. एका खोक्याच्या निवडीवर एक किलोचा फरक पडतो. म्हणून आधी दोन किंवा तीन मापांची खोकी ठरवा, तीच घाऊक आणा आणि मगच दर ठरवा. भरलेले खोके वजनकाट्यावर ठेवून, मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्र काढून ठेवावे. वजनावरून वाद झाला की तेवढेच उपयोगी पडते.

बाटलीच्या झाकणाखाली सील, झाकणावर चिकटपट्टी, मग पूर्ण बाटली जाड पिशवीत उलटी करून बांधलेली, असे तीन बंदोबस्त हवेत. आगळात मीठ असते. ते गळले तर केवळ तुमचेच पार्सल जात नाही, थैलीतील शेजाऱ्याचेही जाते.

आता पिनकोड. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि तिचा इतका सुंदर उपयोग ऑनलाइन दुकानात होईल असे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल. वूकॉमर्समध्ये शिपिंग झोन (टपालखर्चाचे विभाग) करता येतात आणि त्यात पिनकोडाचे पहिले आकडे देऊन पुढे तारांकन लिहिले की तो सर्व प्रदेश त्यात येतो. तुम्ही ४१६ आणि तारांकन लिहिलेत तर सिंधुदुर्ग येईल, पण त्याबरोबर कोल्हापूर आणि सांगलीचा भागही येईल. पिनकोड जिल्ह्याची हद्द पाळत नाहीत. गोव्यासाठी ४०३, मुंबईसाठी ४००, पुण्यासाठी ४११. झोन वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळलेला लागू होतो, म्हणून लहान प्रदेश वर आणि ‘उर्वरित भारत’ सर्वांत खाली ठेवा. हा क्रम उलटा झाला तर कणकवलीच्या ग्राहकाला गुवाहाटीचा दर दिसेल.

जिथे कुरिअर पोहोचत नाही तिथे स्पीड पोस्ट पोहोचते. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे. माझ्यासारख्यांना हळहळ वाटली, पण तुमच्या कामावर त्याचा परिणाम नाही.

जरीकाठ | २२ जानेवारी, दुपारी ३.४५

मी येवल्याहून पैठण्या विकते. माझ्या चुकांतून दोन गोष्टी सांगते.

पहिली चूक अशी की मागणीच्या पानावर ‘भेटवस्तूचे वेष्टन, ६० रुपये’ अशी एक चौकट होती आणि ती आधीच खूण केलेली होती. संकेतस्थळ करणाऱ्याने तशी दिली, मी तशीच राहू दिली. एका ग्राहक ताईंनी शांतपणे लिहून कळवले की ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आधीच खूण केलेल्या चौकटीने संमती गृहीत धरण्यास मनाई आहे. मी वाचून पाहिले, त्यांचे म्हणणे खरे होते. २०२३ च्या नोव्हेंबरात फसव्या मांडणीविरुद्ध तेरा प्रकारांची जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यात शेवटच्या पायरीवर अचानक वाढणारी किंमतही आहे. म्हणून टपालखर्च वस्तूच्या पानावरच सांगा. त्याच २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर हवा. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचे असते. घरच्या दुकानात हा अधिकारी म्हणजे आपणच. माझ्याकडे ते पद सासूबाईंकडे आहे आणि त्या माझ्यापेक्षा फार चांगले बोलतात.

दुसरी चूक ‘घरपोच पैसे’, म्हणजे माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय, ठेवण्याची. पार्सल परत आले की जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही खर्च आपला असतो. साडी परत आली तरी साडीच राहते, तुमची फणसपोळी पंधरा दिवस गाडीत फिरून आली तर ती विकण्यासारखी राहील का?

रातांबा | २७ एप्रिल, रात्री ८.३०

सर्वांच्या सल्ल्याने दुकान गुढीपाडव्याला उघडले. जीएसटी नोंदणी झाली, डोमेन वहिनींच्या नावावर आहे, ‘घरपोच पैसे’ ठेवलेले नाहीत. एमआरपीत सर्व कर धरलेले असतातच, म्हणून वूकॉमर्समध्ये ‘किमती करासह’ असे निवडले. महाराष्ट्रातील बिलावर केंद्राचे आणि राज्याचे अडीच-अडीच टक्के आणि बाहेरील बिलावर आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) पाच टक्के असे ते आपोआप फोडते. टपालखर्चावरही वस्तूचाच कर लागतो हे हिशेबनीसांनी व्यक्तिगत निरोपातून सांगितले नसते, तर मी ते शून्य ठेवले असते.

आज मात्र एक अडचण आली आहे. सकाळी डोंबिवलीच्या एका काकूंचा फोन आला. शनिवारी त्यांनी १,२७० रुपये भरले, बँकेतून पैसे गेले आणि तासाभराने आमच्याच संकेतस्थळावरून मागणी रद्द झाल्याचे ईमेल गेले. त्या चिडलेल्या नव्हत्या, पण ‘तुम्हीच रद्द केली का?’ असे त्यांनी दोनदा विचारले. शोधल्यावर शनिवारपासून अशा तीन मागण्या सापडल्या. पैसे गेटवेत जमा दिसतात आणि आमच्या यादीत मागणी ‘कॅन्सल्ड’ आहे. बाकीच्या सर्व सुरळीत आहेत.

सागरगोटा | २७ एप्रिल, रात्री ९.१०

तासाभराने, हा शब्द महत्त्वाचा आहे. वूकॉमर्समध्ये साठा राखून ठेवण्याची मुदत मुळातच साठ मिनिटांची असते. तेवढ्या वेळात पैसे आल्याची खूण झाली नाही तर मागणी आपोआप रद्द होते, म्हणजे बाटली दुसऱ्याला विकता यावी. याचा अर्थ वेबहुकचा निरोप पोहोचलेला नाही. बाकीच्या मागण्या सुरळीत दिसतात, कारण ते ग्राहक पैसे भरून तुमच्या पानावर परत आले. हे तिघे आले नाहीत. गेटवेच्या डॅशबोर्डमध्ये वेबहुकची नोंदवही असते, तिथे शनिवारपासून कोणता आकडा दिसतो ते सांगा. शुक्रवारी काही नवीन बसवले होते का?

रातांबा | २७ एप्रिल, रात्री ९.५०

शुक्रवारी सुरक्षेसाठी एक प्लगइन बसवले होते. नोंदवहीत प्रत्येक निरोपापुढे ४०३ दिसते आहे. आमच्याकडे ४०३ म्हणजे गोवा, त्यामुळे क्षणभर मला वाटले की पिनकोडचेच काही बिघडले.

सागरगोटा | २७ एप्रिल, रात्री १०.००

टपालपेटी हे वाचून खूश होतील. सर्व्हरच्या भाषेत ४०३ म्हणजे ‘प्रवेश नाही’. तुमच्या नव्या राखणदाराने गेटवेच्या निरोप्याला चोर समजून दारातूनच परत पाठवले. त्या प्लगइनमध्ये वेबहुकचा पत्ता अपवाद म्हणून नोंदवा आणि दहा रुपयांची एक वस्तू करून स्वतः मागणी द्या. पैसे भरल्यावर मुद्दाम संकेतस्थळावर परत येऊ नका. मागणी आपोआप ‘प्रोसेसिंग’ झाली तरच दुरुस्ती झाली असे माना. तिन्ही मागण्या हाताने ‘प्रोसेसिंग’ करा आणि त्यात गेटवेचा व्यवहार क्रमांक टिपून ठेवा. साठ मिनिटांची मुदत वाढवून काही तासांची करा, तुमच्याकडे एका बाटलीसाठी दोघे झगडत नाहीत.

त्याच ओघात कॅशही (पानांची साठवून ठेवलेली प्रत) तपासा. पाने वेगाने उघडावीत म्हणून कॅशचे प्लगइन असेल, तर कार्ट, चेकआउट आणि ‘माझे खाते’ ही तीन पाने त्यातून वगळलेली असलीच पाहिजेत, नाहीतर एकाची टोपली दुसऱ्याला दिसते.

रातांबा | २८ एप्रिल, सकाळी ११.२०

अपवाद नोंदवला. वहिनींच्या फोनवरून दहा रुपयांची मागणी देऊन फोन बाजूला ठेवला आणि आम्ही तिघे माझ्या पडद्याकडे पाहत बसलो. सात-आठ सेकंदांत ती ‘प्रोसेसिंग’ झाली. डोंबिवलीच्या काकूंना फोन केला आणि त्यांच्या खोक्यात आमसुलांची एक पुडी जास्त घातली.

आणखी एक लहान त्रास. वस्तूंचे दुवे मी आवर्जून मराठीत ठेवले होते. व्हॉट्सॲपवर पाठवले की ते टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन जातात आणि ‘कोकमाचे-आगळ-अर्धा-लिटर-बाटली’ हा दुवा मध्येच तुटलेला दिसतो.

मुळशीकर | २८ एप्रिल, दुपारी १२.०५

वर्डप्रेस त्या नावासाठी दोनशे वर्णांचीच जागा ठेवते आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षर किंवा मात्रा त्यात नऊ वर्ण खाते. काने-मात्रा धरून बाविसाव्या चिन्हाला नाव संपते. वस्तूचे नाव, वर्णन, सर्व काही मराठीतच ठेवा, फक्त दुव्याचा तुकडा रोमन लिपीत आणि लहान करा. जुने दुवे ज्यांच्याकडे गेले असतील त्यांना नव्याकडे वळवण्याची सोयही करून ठेवा. मला स्वतःला हे रुचत नाही, पण फॉरवर्ड होताना तुटलेल्या दुव्यावरून ग्राहक परत जातो.

पारिजात_न्यूजर्सी | २८ एप्रिल, रात्री ११.४०

रातांबा, तुमच्या दुकानातून पुण्यात आईला आगळ पाठवायचे होते, परंतु बिलाच्या पत्त्यात मला अमेरिका निवडताच येत नाही. यादीत केवळ भारत आहे.

सागरगोटा | २९ एप्रिल, सकाळी ८.१५

वूकॉमर्समध्ये विक्री कुठल्या देशांना आणि माल कुठल्या देशांत, असे दोन स्वतंत्र पर्याय आहेत. पहिल्यात अमेरिकेसारखे देश जोडा, दुसऱ्यात केवळ भारत ठेवा. परदेशी कार्डे स्वीकारण्याची परवानगी गेटवेकडून वेगळी मागावी लागेल आणि त्यांचा दरही अधिक असतो, तो आधी पाहून घ्या.

रातांबा | ६ मे, रात्री ९.१५

पारिजात, परवानगी काल मिळाली आणि तुमची मागणी आज सकाळी आली. वहिनींनी ती वहीतही उतरवली. वही त्यांनी सोडलेली नाही आणि पडद्यावरची खूण पाहूनच त्या कागदावर खूण करतात. एक विनंती आहे. फणसपोळीच्या दोन गुंडाळ्या तुम्ही मागितल्या आहेत, पण बरका फणस अजून उतरायचा आहे आणि पोळी उन्हात वाळायला चार दिवस लागतात. आगळ उद्या पाठवतो, फणसपोळी २० मेनंतर वेगळ्या पार्सलने पाठवू का, की आईंना दोन्ही एकत्रच हवे आहे?